रिकामी वाटी परत करू नये

लिफ्टचं दार उघडलं की आमच्या मजल्यावर आधी फोडणीचा वास पुढे यायचा. अल नहदातल्या त्या उंच इमारतीत दारं सगळी बंद, पण वाट्या मात्र फिरत. माझं पिठलं समोरच्या लीलाकडे जाई, तिचं अवियल माझ्याकडे येई. रिकामी वाटी परत करू नये, हा नियम केरळातही आहे हे मला शारजात कळलं. पण या सभ्यपणाचं फळ काय? काही चांगलं रांधेपर्यंत माझ्या वाट्या तिच्या फळीवर, तिच्या माझ्या फळीवर. घरात आमटी वाढायला वाटी नाही!

त्याच सुमाराला मुलाची, प्रशांतची, नोकरी टांगणीला लागली होती. संगणक एकमेकांना जोडणाऱ्या कार्डाचा प्रोग्रॅम तो लिही, आणि तो प्रोग्रॅम तासाभरात गपगार होई. शनिवारी गिऱ्हाईक येणार. तेव्हाही बंद पडला, तर नोकरी आणि व्हिसा, दोन्ही खलास.

जेवताना मी विचारलं, "होतं तरी काय रे?"

"आई, कार्डापुढे गोल मांडलेल्या वाट्या समज. तारेतून आलेली माहिती ते एकेकीत ओतत जातं. भरलेली वाटी माझी. मी रिकामी करून मांडली की पुन्हा त्याची."

"आणि नाही मांडलीस तर?"

"ते सरळ सांडतं. माझ्या वाट्या वरचा प्रोग्रॅम त्यातलं वाचेपर्यंत अडकून राहतात."

"म्हणजे लीलाच की!"

आठवड्यात पहिल्यांदा हसला. "तेच बदलतोय. आलेलं आपल्या भांड्यात काढायचं, वाटी लगेच परत."

"रिकामी?"

"रिकामीच. तू साखर घालशील त्यात!"

मला ही रीत फार पटली. लीलाच्या वाट्या घासून तिच्या हातात दिल्या, माझ्या मागितल्या.

"आंटी, गुस्सा हो गया क्या?"

"नहीं. वाटी चाहिए."

तिने दिल्या. रिकाम्या. दार लावलं. मग दोन दिवस आमची बेल वाजली नाही. फळीवर वाट्यांची चळत लखलखत होती आणि जेवणात माझीच आमटी! कार्डाला चालत असेल असं. त्याला कुठे शेजार असतो?

शनिवारी प्रशांत दारातूनच ओरडला, "आई, दिवसभर चाललं! थेंब सांडला नाही!"

मी रवा भाजायला घेतला. सगळ्यात मोठ्या वाटीत शिरा भरून समोर गेले. तुपाचा वास माझ्याआधीच पोचला होता. बेल दाबायच्या आत दार उघडलं.

"प्रशांत का नौकरी बच गया," मी सांगितलं.

लीलाने वाटी घेतली. गाल फुगवून म्हणाली, "अभी खाली करके दूँ, आंटी?"

"नको गं बाई. रहने दे," मी म्हटलं. "कोई जल्दी नहीं."