दोन ठोक्यांमधली बोली

भीमराज ओव्हाळांना फोन करून उपयोग नसतो. ते उचलतात, "व्हय, व्हय, समदं बरं हाय," म्हणतात आणि ठेवून देतात. पलीकडच्या माणसानं काय विचारलं ते त्यांना कळलेलंच नसतं. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी पॉवर प्रेसवर चौतीस वर्षं काढली. पत्रा सरकवायचा, वरून ठोका पडायचा, भाग उचलायचा, पुन्हा पत्रा. त्या आवाजात कान गेले. मुलीनं कानाचं मशीन आणून दिलं, पण ते शिट्टी मारतं म्हणून बुद्धमूर्तीशेजारच्या डबीत पडून असतं.

मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसात होतो, हजेरी लिहायला. आता आम्ही कासारवाडीत एकाच इमारतीत राहतो. इतक्या वर्षांची ओळख, पण या माणसाबद्दलची मुख्य गोष्ट मला मागच्या वर्षी कळली. म्हणून हे लिहायला घेतलं.

भीमराजांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. घरात ते आणि मुलगी स्वरूपा. ती सांगवीला एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर असलेल्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओत काम करते. पोरगी काय करते असं कुणी विचारलं की भीमराज सांगायचे, "हात काढती." विचारणारा गोंधळायचा, पण ते खरंच होतं. कोरियातली एक कंपनी मालिका बनवते. गोष्ट आणि चेहरे सेऊलला ठरतात, माणसांचे हात आणि हालचाली सांगवीत काढतात, रंग आणखी तिसऱ्याच देशात भरतात. मग ती मालिका जगभर लोक फोनवर बघतात. "ब्राझीलमध्येसुद्धा बघतात, काका," स्वरूपानं मला एकदा सांगितलं होतं. आमच्या वेळी इथून पत्र्याचे भाग बाहेर जायचे. हात जातात हे मला नवीन होतं.

मागच्या वर्षी त्या मालिकेतला एक प्रसंग सेऊलहून दोनदा परत आला. कोरियातल्या जुन्या कारखान्यात बायका प्रेसवर काम करताहेत आणि एकमेकींशी बोलताहेत, एवढाच प्रसंग. दोन्ही वेळा शेरा एकच. ही माणसं नाचताहेत, काम करत नाहीत. स्वरूपाच्या टीमचा प्रमुख नवनाथ, बीडकडचा. त्यानं सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, तिसऱ्यांदा परत आलं तर पूर्ण मालिका दुसऱ्या स्टुडिओला जाईल.

संध्याकाळी भीमराज एक कागद घेऊन माझ्याकडे आले. महत्त्वाचं असलं की स्वरूपा त्यांना लिहून द्यायची. कागदावर होतं, 'आप्पा, हे काम गेलं तर मला बंगळुरूला जावं लागेल. तिथून बोलावणं आहे.'

"जाऊ दे की," भीमराज म्हणाले. "पोरीनं हितं बसून काय करायचं? पर सोपानराव, मंग बोलायचं कसं? हितं तोंडाकडं बघून कळतं तिचं."

मी हातानंच फोन धरल्यासारखं करून, तोंड मोठं उघडून म्हटलं, "व्हिडिओवर बोलता येतं."

"तोंड एवढुसं दिसतं त्यात. अन् मधीच अडकतं."

म्हटलं, चला, निदान तो प्रसंग तरी बघू.

स्वरूपानं लॅपटॉप लावला. दोन बायका प्रेसपुढे उभ्या, भराभर तोंडं हलवताहेत. भीमराज हसायलाच लागले.

"काय गं, ह्या बोलत्यात व्हय? तिथं कुनाच्या बापाला ऐकू येतंय?"

"मग तुम्ही कसे बोलायचात?" तिनं त्यांच्याकडे तोंड करून विचारलं.

"हातानं."

स्वरूपा बघतच राहिली. एकोणतीस वर्षं त्यांच्याच घरात वाढलेली, पण तिला हे माहीत नव्हतं. त्या खुणा भीमराज कारखान्याच्या गेटातच ठेवून येत असावेत. माहीत तर मलाही नव्हतं. मी रोज हजेरीपट घेऊन त्या प्रेसच्या रांगांमधून जायचो. कुणी खांदा खाजवताना दिसायचं, कुणी ओठ पुसताना. मला वाटायचं, घामाचं असेल.

दुसऱ्या दिवशी भीमराज एकटे जायला तयार होईनात, म्हणून मीही सांगवीला गेलो. नवनाथनं त्यांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं आणि हातानं खूण केली, करा सुरू. भीमराजांचे हात शिवल्यासारखे अंगाला चिकटले. मग त्यांनी शाळेच्या गॅदरिंगमध्ये करावं तसं मोठे मोठे हातवारे करून दाखवले.

स्वरूपाचा चेहरा उतरला. "आप्पा, हा तर परत नाचच झाला."

तिचे ओठ त्यांनी बरोबर वाचले. मान खाली घालून म्हणाले, "न्हाई जमायचं. ठोका न्हाई तर हात हालत न्हाईत."

नवनाथ तसाच आत गेला आणि एक मोठा स्पीकर आणून टेबलावर ठेवला. त्यावर प्रेसचा आवाज लावला. आम्ही कानांत बोटं घातली. भीमराजांनी टेबलावर पंजा ठेवला, डोळे मिटले.

"लई हळू. ही काय प्रेस हाय का खलबत्ता?"

नवनाथनं वेग वाढवला. मग त्यांचे पाय सरळ रेषेत आले, पाठ किंचित वाकली, डावा हात नसलेला पत्रा सरकवायला लागला. आणि दोन ठोक्यांच्या मधे उजवा हात क्षणभर वर आला आणि परत जागेवर गेला.

"काका, परत करा. दिसलंच नाही," नवनाथ हात हलवत म्हणाला.

"दिसलं न्हाई म्हंजे बरूबर झालं. तुला दिसलं असतं तर साहेबालाबी दिसलं असतं. अन् हात मधी रेंगाळला, तर मंग हातच ऱ्हात न्हाई."

स्वरूपा आता वहीत भराभर काढत होती. दोन बोटं खांद्याला, साहेब येतोय. अंगठा ओठाला, चहा. मनगटावर दोनदा बोट, ओव्हरटाइम. पंजा पालथा करून पुढे ढकलला की, माझं थांबलंय पण तू चालू ठेव. सगळं एका हातानं, सगळं ठोका पडायच्या आत. मग त्यांनी एक बोट कानामागे नेलं आणि एकदम थांबले. नवनाथनं आवाज बंद केला.

"हे काय, आप्पा?"

त्यांनी चोरून माझ्याकडे बघितलं आणि बोट खाली घेतलं.

"सांगा ना!"

"टाइम ऑफिसवाला आला," ते पुटपुटले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पेन कानावरच होतं. नवनाथ म्हणाला, "काका, राव, तुम्ही तर कॅरॅक्टर निघालात!" मी पेन काढलं, पण ते कुठे ठेवावं ते कळेना, म्हणून परत कानावरच ठेवलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की आपण त्या प्रेस विभागातून जातो ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्वरूपा अकरा दिवस तेच काढत होती. हात वर येतो, ठोका पडायच्या आत परत जातो. प्रसंग तिसऱ्यांदा गेला आणि पास झाला. सेऊलच्या दिग्दर्शक बाईंनी एवढंच विचारलं होतं, हे कुणी शिकवलं? स्वरूपानं वडिलांचं नाव कळवलं. शेवटी नावांची यादी सरकते त्यात ते आलं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. भीमराजांनी मला चारदा मागे घ्यायला लावलं.

गोष्ट इथंच थांबली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या भागांसाठी त्या बाईंनी स्वरूपालाच सेऊलला बोलावलं, वर्षभरासाठी. बंगळुरू परवडलं म्हणायची वेळ आली. स्वरूपानं घरात काही सांगितलं नाही. नकार कळवायचं तिनं ठरवलं होतं, हे मला ती जिन्यात बोलली, आणि आप्पांना सांगू नका म्हणून बजावलंही. मी सांगितलं नाही. धाडस नव्हतं.

पाचव्या दिवशी मी त्यांच्याकडे बसलो असताना भीमराजच तिला म्हणाले, "चार दिस झालं, तोंड फिरवून बोलतीस. काय लपवतीस?"

तिनं कागद घेतला, पण लिहिलं नाही. त्यांच्यासमोर बसून सावकाश सगळं बोलली. ते ओठांकडे बघत राहिले. मग उजवा हात उचलला, पंजा पालथा केला आणि पुढे ढकलला.

ती खूण तिनं शेकडो वेळा काढली होती. अर्थ विचारावा लागला नाही. ती रडली, मग अंगठा ओठाला लावून चहा टाकायला उठली.

आता दर रविवारी सकाळी भीमराज साखरेच्या डब्याला फोन टेकवून बसतात. पलीकडे स्वरूपा. दोघं एक शब्द बोलत नाहीत. चित्र मधेच अडकतं, तेव्हा भीमराज थांबतात, आणि हललं की पटकन हात करून घेतात. मधल्या जागेत बोलायची त्यांना सवयच आहे. तिनं तिकडे नव्या खुणाही काढल्यात. बर्फाची एक, आणि मूग गिळून बसणाऱ्या तिथल्या साहेबाची एक, ती बघून भीमराज खोकला लागेपर्यंत हसले.

परवाच्या रविवारी मी बाजूला बसलो होतो. स्वरूपानं एक बोट कानामागे नेलं. भीमराजांनी फोन माझ्याकडे वळवला.

मला त्या खुणा येत नाहीत. मी कानावरचं पेन काढून तिला दाखवलं.