कुठवर सर

आमच्या सरांना काहीही सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "कुठवर?" पाणी पिऊन येतो म्हटलं तरी कुठवर, बहिणीचं लग्न ठरलं म्हटलं तरी कुठवर. लग्नाच्या बाबतीत मुलगी किती लांब चालली, हे त्यांना हवं असे. अकोल्याला म्हटलं की ते समाधानानं मान हलवत. पुण्याला म्हटलं की नेटवर्कच्या भाषेत म्हणत, "अबे, थे तं वॅन झालं." त्यांचं नाव सुधाकर वानखडे. पण अमरावतीच्या राजापेठेत कापडाच्या दुकानावर जो कॉम्प्युटर क्लास होता, तिथं शिकलेल्या कोणालाही विचारा, 'कुठवर सर' म्हटल्याशिवाय ओळख पटणार नाही.

प्रश्नामागे कामाची शिस्त होती. नेटवर्क किती जागेत पसरायचं आहे हे आधी ठरतं, आणि मग वायर कोणती, यंत्र कोणतं, माणसं किती, हे सगळं त्यातून निघतं. आम्हा पोरांना वायर कापायची घाई. सर गुंडाळ्यावर चक्क पाय ठेवून उभे राहत. "कुठवर जायचं थे ठरलं नाई तवरिक कैची लावू नोका. वायर कापता येते, जोडता येते, पण जोडलेल्या वायरचा भरोसा नसते." हे मी त्यांच्याकडून उचललं आणि आजतागायत सोडलेलं नाही. मी यादी केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि यादीच्या डोक्यावर जागेचं नाव असतं. मला ते तेव्हापासूनच 'यादीबाई' म्हणत.

नेटवर्कचे प्रकार शिकवताना ते पुस्तक उघडतच नसत. वर्गाच्या मध्यभागी उभे राहून दोन्ही हात पसरायचे आणि स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची. "हात पोचते तेवढं, हे पॅन. आपला मोबाईल, आपलं कानातलं, आपला कॉम्प्युटर." मग दारात जाऊन जिन्याखालच्या चहावाल्याला हाक मारायची. "हाक पोचते तेवढं, हे लॅन. एक घर, एक हापिस, एक इमारत." ऑटो जातो तेवढं ते मॅन, म्हणजे राजापेठेपासून बडनेऱ्यापर्यंत आपलं सगळं शहर. आणि वॅन? सर खिडकीबाहेर बोट दाखवत. "माणूस जाते अन् वापस येईन का नाई सांगता येत नाई, तेवढं."

एकदा धामणगावहून रोज रेल्वेनं येणाऱ्या एका मुलानं विचारलं, "सर, मी रोज अप-डाऊन करतो, तं मी कोणतं नेटवर्क?"

"तू? तू लूज कनेक्शन. बस खाली."

वर्ग हसला. हसणं थांबल्यावर सरांनी फळ्यावर एकात एक वर्तुळं काढली आणि सगळ्यांत बाहेरच्या वर्तुळावर खडू टेकवून म्हणाले, "जाळं मोठं झालं का धागा बारीक होते. ध्यानात ठेवा." आम्ही वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत येईल असं वाटलं होतं.

हजेरीच्या बाबतीत मात्र सरांचं विनोदाशी वाकडं होतं. आधी चांदूर बाजारच्या शाळेत शिकवत असताना घ्यायचे तशी, आडनाव आधी आणि नाव नंतर, खणखणीत आवाजात हजेरी. मित्राच्या नावावर कोणी हळूच ओ दिली की सर मान वर न करता म्हणत, "ज्याची हाक त्याचीच ओ. पुन्हा." आणि तीच हाक परत मारत. खरा माणूस नसला की वर्गात शांतता पसरे. ती शांतता ते पुरेशी होऊ देत, मगच पुढच्या नावाला हात घालत.

हाक आणि ओ हीच त्यांची दुरुस्तीची पद्धत होती. नेट बंद पडलं की आम्ही लगेच बाहेर पळायचो, कंपनीला फोन लावायचो. सर कॉलर धरून परत आणत. कॉम्प्युटरला स्वतःलाच संदेश पाठवता येतो. तो परत आला, म्हणजे यंत्र निदान स्वतःला ओळखतं. म्हणून सरांचा क्रम असा होता, "आधी सोताले हाक मार. मंग शेजाऱ्याले. मंग दाराले. मंग गावाले. जिथं ओ येत नाई, तिथंच दुखून राहिलं." दार म्हणजे इमारतीतलं नेटवर्क बाहेरच्या जगाला जोडणारं यंत्र. इतकं सोपं होतं, आणि घाईत इतकं सहज विसरलं जाई.

मी स्वतः विसरले ते अकोल्यात. नोकरीत एका संस्थेच्या शाखांचं नेटवर्क माझ्याकडे आलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी बसायचे त्याच शाखेचं नेट बंद पडलं. मी सकाळभर कंपनीशी भांडत होते. शेवटी सरांना फोन लावला.

"सोताले हाक मारली का?"

"सर, लाइन बाहेरूनच गेलीये."

"तुले कोणं सांगतलं? पाय बरं आधी जवळ."

पाहिलं. आमच्या टेबलामागच्या यंत्राची पिन काढून तिथं कूलर लावला होता. अकोल्याचा मे महिना. शिपायाला तरी काय बोलणार! फोनवर सर कितीतरी वेळ हसत होते. "यादीबाई, यादीत कूलर लिव्ह!"

सरांना एकच मुलगी, मृणाल. शाळेत जायच्या आधी ती क्लासवर येऊन बसायची आणि वायरींची टोकं रंगांप्रमाणे लावायला शिकली होती. पुढं ती इंजिनीयर झाली, ऑस्ट्रेलियात गेली, तिथंच स्थिरावली. तिला सोडून आल्यावर सरांनी वर्गात वॅनची व्याख्या बदलली. खिडकीबाहेर बोट न दाखवता ते म्हणत, "आमची मृणाल गेली तेवढं." हे सांगताना त्यांचा आवाज मोठा होई. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल असे. सर इस्त्रीचा शर्ट घालून बसत. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, मागून म्हणत, "पोरीले दाखवाले शर्ट, अन् आमच्यासाठी बनियन!"

क्लास बंद झाल्यानंतरची गोष्ट. एका सकाळी मी ऑफिसात असताना सरांचा फोन आला. मागं बसस्टँडचा गलका होता.

"यादीबाई, मले कुठवर जायचं होतं वं?"

मी हसले. कुठवर सरांनीच कुठवर विचारावं, याहून चांगला विनोद कोणता? तेही हसले. मग म्हणाले, "नाई, खरंच सांग." माझं हसू तिथंच राहिलं. मी त्यांना बाकावर बसायला सांगितलं, काकूंना फोन केला. काकू रिक्षानं जाऊन त्यांना घेऊन आल्या. त्यांना मोर्शीला चुलतभावाकडे जायचं होतं. संत्र्यासाठी आणलेली रिकामी पिशवी हातात तशीच होती.

त्यानंतर रविवारचे कॉल बिघडू लागले. मृणाल बोलायची, सर नुसते पडद्याकडे पाहत राहायचे. मधेच चित्र अडकायचं, आवाज तुटायचा. काकू पुढं होऊन सांगायच्या, "त्यायले ऐकू नाई येऊन राहिलं वं. लाइनच खराब हाय." मृणालनं तिकडचं कनेक्शन बदललं. काकूंनी इकडच्या कंपनीकडे तक्रारीवर तक्रार केली. दिवाळीनंतर मृणाल येणार होती, तोवर निदान बापलेकीचं बोलणं सुरू राहावं एवढंच त्यांना हवं होतं. "तू येऊन पायतं का एकदा?" काकूंनी मला विचारलं. "तुह्या हातानं होईन."

मी यादी केली. नवा राउटर, नवी केबल, मोठ्या आवाजाचा स्पीकर, वेगळा माइक, टीव्हीला जोडायची वायर. रविवारी सकाळच्या गाडीनं अमरावतीला पोचले. सर पलंगावर बसले होते. समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, खाली मृणालचा पदवीच्या झग्यातला. मला पाहून हसले. ओळखलं की नाही, याचा विचार मी केला नाही. मला कामाची घाई होती. जुनी केबल काढली. खारीनं एका ठिकाणी कुरतडली होती. मला आनंदच झाला. सापडलं! सगळं नवं टाकलं, तपासलं, आणि काकूंना म्हटलं, "आता बघा."

दुपारी कॉल लागला. टीव्हीवर मृणाल अशी दिसत होती, जणू समोरच्या खोलीत बसली आहे. तिच्यामागच्या खिडकीतलं झाडसुद्धा पानापानासकट दिसत होतं.

"बाबा! दिसून राहिली का मी?"

सरांनी हात जोडले. "नमस्कार. कुठून बोलून राहिल्या आपण?"

काकूंनी माझा हात धरला.

"अ‍ॅडलेडहून, बाबा. मी मृणाल."

"अ‍ॅडलेड!" सर माझ्याकडे वळले. तोच जुना, वर्गातला उजळलेला चेहरा. "म्हणजे वॅन. पाय, आवाज कसा साफ येऊन राहिला." मग पुन्हा पडद्याकडे पाहून अदबीनं म्हणाले, "आमची बी एक मृणाल हाय. शाळेत गेली. येईनच एवढ्यात."

मृणालनं तोंडावर हात ठेवला. तेही अगदी स्वच्छ दिसलं. चित्र अडकलं नाही, आवाज तुटला नाही.

आम्ही तिघींनी सुरुवात बाहेरून केली होती. ऑस्ट्रेलियापासून आत येत होतो, वायर, खार, कंपनी तपासत. जवळचं तपासायचं राहिलं होतं, कारण जवळचं तपासायचं धाडस कोणाला नव्हतं.

मी स्वयंपाकघरात हात धुवायला गेले, तेव्हा काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. रडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "कायले नीट केलं वं माय? खराब व्हतं तवा निदान लाइनचं नाव व्हतं."

मी नळ बंद केला आणि जुनी केबल गुंडाळून पिशवीत भरली.

डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं आणि गेलेलं परत येत नाही हेही सांगितलं. दिवाळीनंतर मृणाल आली. सर तिला 'मॅडम' म्हणत आणि आपली खुर्ची देत. नवी बॅच कधी सुरू करायची, हे तिला विचारत. तिनं त्यांची नखं कापली, त्यांना रोज दही-भात भरवला, जुन्या वायरींचे तुकडे आणून पुढ्यात ठेवले. सरांनी रंग बरोबर लावले. मुलगी मात्र लागली नाही. निघायच्या दिवशी ती पाया पडायला वाकली, तसं त्यांनी विचारलं, "कुठवर जाता?"

"लांब, बाबा."

"जपून जा. जाळं मोठं झालं का धागा बारीक होते."

तिनं मला हे विमानतळावरून फोन करून सांगितलं. दर रविवारी ती अजूनही फोन करते, पण आता फक्त आवाजाचा, आणि फक्त काकूंना.

मग सरांची राजापेठ गेली. ऑटोत बसवलं की ते घाबरू लागले, म्हणून बाहेर नेणं थांबलं. मग घरातल्या खोल्या गेल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून, आत येऊ का, असं विचारू लागले. आता पलंग उरला आहे. चष्मा, गमछा, पाण्याचा गडवा. बसल्या जागी हात लांब करून ते एकेका वस्तूला लावून पाहतात.

मागच्या महिन्यात जाऊन आले. मी गिला वडा नेला होता, त्यांच्या आवडीचा. त्यांनी पुडा हातात धरून ठेवला, उघडला नाही. मी पलंगाजवळ बसले. थोड्या वेळानं सर ताठ झाले, घसा साफ केला आणि वर्गातल्या खणखणीत आवाजात हाक मारली,

"वानखडे सुधाकर!"

मी दचकले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "ओ!" त्या पदराला हात पुसत दारात आल्या आणि मला हलकेच म्हणाल्या, "दिवसभर असंच चालते. म्या ओ देल्ली का तेवढ्यापुरते थांबते."

पण सर थांबले नव्हते. त्यांनी मान हलवली. "ज्याची हाक त्याचीच ओ. पुन्हा." आणि परत, तितक्याच मोठ्यानं, "वानखडे सुधाकर!"

मान जराशी कलती करून ते वाट पाहू लागले. काकूंनी या खेपेला ओ दिली नाही. मीही दिली नाही. आम्ही तिघंही ऐकत राहिलो.