अकरा नंबरवरची बाई

द्वारकाबाईंच्या घरी मिरची फार खपते, असा पेठेत सगळ्यांचा समज होता. दिवसातून चार-पाच वेळा त्यांच्या ओसरीवरून उखळाचा दणदणाट ऐकू यायचा. घरात खाणारी तोंडं दोनच, द्वारकाबाई आणि त्यांचा धाकटा दीर हिंमतराव. त्यात उखळात बऱ्याचदा काहीच नसायचं. घरात फोन होता, म्हणून ते कुटणं होतं.

कळंबच्या वाटेवरच्या त्या बाजारगावात फोन सगळे मिळून अकरा. दहा ठिकाणी बोलायचं म्हणजे चपला काढायच्या, कारण सांगायचं आणि गादीवर बसलेल्या चार पुरुषांच्या देखत बोलायचं. अकरावा द्वारकाबाईंच्या मालकांनी अडतीसाठी घेतला आणि तीन वर्षांत ते गेले. अडत हिंमतरावाकडे गेली, फोन मात्र घरातल्या आतल्या खोलीतच राहिला. तिथं बायका यायला लागल्या. बाळंतपणाचा निरोप, माहेरची खुशाली, मुलाच्या नोकरीची चौकशी. द्वारकाबाईंचा नियम एकच होता. बोलणाऱ्यानं आत जायचं, दार ओढून घ्यायचं. पण त्या काळी ट्रंक कॉलवर माणसं अशी ओरडायची, की दाराचा काही उपयोग नव्हता. म्हणून द्वारकाबाई ओसरीवर मुसळ घेऊन बसायच्या आणि आतलं बोलणं संपेपर्यंत कुटत राहायच्या. हात भरून यायचे. कुणी आभार मानायला लागलं, की त्या म्हणायच्या, आभार नकोत, लवकर आटपत जा.

बाई तोंडानं फटकळ. समोरच्याला बरं वाटावं म्हणून शब्द बदलणं त्यांना जमत नसे. खोटं बोलणाऱ्याचा त्यांना इतका तिटकारा, की गल्लीतली भांडणं त्यांच्या एका वाक्यावर मिटायची. द्वारकाबाई म्हणाल्या ना, मग तसंच असणार.

सन पासष्ट. चीनच्या लढाईपासून लागलेली आणीबाणी अजून उठली नव्हती आणि जोंधळा जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी होती. हिंमतरावाच्या दोन गाड्या बार्शीकडं गेल्या असा फौजदाराला वहीम आला. गाड्या गेल्या होत्या की नाही, ते हिंमतरावाला ठाऊक आणि थोडंफार द्वारकाबाईंनाही. त्यांनी दिराला तेव्हाच झापलं होतं. पण फौजदारानं गाड्या शोधायचं सोडून भलतंच केलं. पोस्टातल्या टेलिफोनच्या खोलीत बसून लाईन जोडणाऱ्या सिद्रामप्पाच्या हातात वही दिली आणि सांगितलं, अकरा नंबरवर जे बोललं जाईल ते ऐकायचं आणि लिहायचं. सिद्रामप्पा भिडस्त माणूस, वर्दीसमोर त्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. त्यानं सहा आठवडे लिहिलं.

आणि सरकारला काय ऐकायला मिळालं? कुणाची म्हैस व्याली. कुणाची एसटी चुकली. कुणाची सासू तेरला जाऊन बसली ती परत यायचं नाव घेईना. सहा आठवड्यांत जोंधळ्याचा उल्लेख एकदाच, तोही पहिल्याच आठवड्यात, हिंमतरावाच्या तोंडचा. तेवढ्यावर त्याला धरलं आणि खटला धाराशिवला उभा राहिला.

द्वारकाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांना दिराच्या अटकेपेक्षा वहीचाच जास्त संताप आला. चार वर्षं आपण रिकामं उखळ कुटतोय, आपल्याच घरात आपले कान झाकून घेतोय, आणि तिकडं एक माणूस आरामात खुर्चीवर बसून सगळं उतरवून घेतोय. त्यांनी सिद्रामप्पाला पोस्टाच्या पायरीवर गाठून विचारलं, लाज कशी वाटली नाही. तो खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं तसा बाईंना आणखीच वैताग आला, कारण रडणाऱ्या माणसाला नीट शिव्याही देता येत नाहीत.

वकील धाराशिवचे होते, मार्तंडराव नावाचे, हुशार आणि त्या हुशारीवर खूश. त्यांनी समजावून सांगितलं की तार कायद्याप्रमाणे आणीबाणीत सरकारला फोन ऐकता येतो, पण आधी लेखी हुकूम लागतो. इथं हुकमावरची तारीख ऐकायला सुरुवात केल्यानंतर अकरा दिवसांची आहे, आणि जोंधळ्याचं बोलणं नेमकं त्या अकरा दिवसांत बसतं. शिवाय, मार्तंडराव म्हणाले, उरलेली अख्खी वही आपण भर कोर्टात वाचायला लावू. त्यात काही नाही हे न्यायाधीश साहेबांच्या कानांवर पडलं, की फौजदाराचं हसं होईल. मग त्यांनी नमुना म्हणून एक पान वाचून दाखवलं.

"गुरुवार, दुपारी एक. अकरा नंबरवरची बाई विचारते, फोटोत डाग आहे का. सोलापूरहून बाई सांगते, डाग गेला, डॉक्टर म्हणाले छाती साफ आहे, सुया दोन महिने चालू ठेवा. अकरा नंबरवरची बाई म्हणते, गावात कुणाला कळता कामा नये. रडते."

गुरुवारी दुपारी एक वाजता कोण येतं हे द्वारकाबाईंना पाठ होतं. तेलघाण्याच्या कल्याणप्पांची बायको, मल्लम्मा. तिची लेक गिरिजा पाच महिने सोलापूरला मावशीकडं शिवणकाम शिकायला म्हणून राहिली होती. परत आली ती चांगली भरून, आणि आता लातूरकडच्या घरी तिची सोयरीक जमली होती. पोरीला क्षय होता आणि तो बरा झाला होता. चार वर्षं कान झाकून बसलेल्या द्वारकाबाईंना हे गुपित शेवटी वकिलाच्या खुर्चीसमोर ऐकावं लागलं.

ते पान गाळा, त्या म्हणाल्या. मार्तंडराव हसले. एक पान गाळलं तर साहेबांना वाटेल, जोंधळा त्याच पानात आहे. उलट त्या बाईलाच साक्षीला बोलवू, ती सांगेल हे दुखण्याचं बोलणं आहे म्हणून. द्वारकाबाईंनी परोपरीनं सांगितलं. हिंमतरावानंही, जामिनावर सुटलेल्या पण तुरुंगाच्या भीतीनं अर्धा झालेल्या त्या माणसानं, हात जोडले आणि म्हणाला की वहिनी, एका पानासाठी मला आत घालू नका. फोन ऐकायचा हक्क सरकारला होता की नव्हता, हे ठरवण्यासाठी आता ते सगळं पुन्हा एकदा भर कचेरीत ऐकायचं होतं.

मल्लम्मा दुसऱ्याच दिवशी आली. वही वाचणार ही बातमी पेठेत पोचली होती. तिनं आरडाओरडा केला नाही, दोष दिला नाही. ओसरीवर उखळाजवळ बसली आणि एवढंच म्हणाली, "अक्का, तुमी ऐकत न्हवता म्हनून म्या हितं बोलले."

द्वारकाबाईंनी तिला चहा दिला आणि सांगितलं, घरी जा, समन्स आलं तरी तुला जायचं काम पडणार नाही. कसं पडणार नाही ते त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

मार्गशीर्षात तारीख पडली. कोर्टाची खोली पेठेतल्या माणसांनी भरून गेली, कारण दुसऱ्यांचे फोन ऐकायला कुणाला आवडत नाही? कारकून एकसुरात वाचत होता. म्हशीवर माणसं हसली, सासूवर जास्त हसली. मग गुरुवारचं पान आलं. सरकारी वकिलांनी विचारलं, ही बाई कोण, हे बोलणं खरंच दुखण्याचं कशावरून? मार्तंडराव मल्लम्माचं नाव घेणार, तोच द्वारकाबाई उठल्या आणि म्हणाल्या, मला सांगायचंय. फोन त्यांच्या घरचा, साक्षीदारांत त्यांचं नाव होतंच. त्यांना पिंजऱ्यात बोलावलं. शपथ दिली. ईश्वरसाक्ष खरं सांगेन हे शब्द त्यांनी जरा सावकाश म्हटले.

"त्ये बोलनं माजं हाय," त्या म्हणाल्या. "डाग माज्या छातीत हुता."

लोकांनी माना वळवून त्यांच्याकडं पाहिलं. हिंमतरावाचं तोंड उघडंच राहिलं. सोलापूरला कधी गेला होतात, असं सरकारी वकिलांनी विचारलं, त्यावर बाई म्हणाल्या, "त्ये बी वहीत लिवून घ्यायचं हुतं की, येवढे कान लावले हुते तर."

साहेबांनी मग सिद्रामप्पाला उभं केलं. रोज लाईन जोडून देणारा माणूस तो. गावातला एकेक आवाज त्याच्या कानात बसलेला. गुरुवारचा आवाज याच बाईंचा का, असं साहेबांनी विचारलं. सिद्रामप्पानं पहिल्यांदा फौजदाराकडं पाहिलं, मग द्वारकाबाईंकडं. बाई त्याच्याकडं अशा बघत होत्या, की हा आता पुन्हा भ्याला तर त्याला जन्मभर पोस्टाची पायरी उतरता येणार नाही.

"व्हय साहेब," सिद्रामप्पा म्हणाला. "ह्यांचाच."

निकाल पंधरा दिवसांनी लागला. साहेबांनी तो इंग्रजीत लिहिला आणि मार्तंडरावांनी मराठीत सांगितला. आणीबाणी असली तरी सरकारनं आपल्याच कायद्याला धरून वागलं पाहिजे. हुकमाआधीचे अकरा दिवस जे ऐकलं ते ऐकायचा अधिकार कुणालाही नव्हता, ती पानं पुराव्यात धरता येत नाहीत, आणि उरलेल्या पानांत गुन्हा दिसत नाही. हिंमतराव सुटला. मार्तंडरावांनी निकालाची नक्कल काढून ऑफिसात लावली. फौजदाराची बदली झाली, आणि ज्यानं खरोखर गाड्या बार्शीला पाठवल्या होत्या त्या हिंमतरावानं पेठेत पेढे वाटले. लोकांनी ते अडतीत घेतले. घरी येऊन कुणी घेतले नाहीत.

लोक वाईट नव्हते. तब्येतीची चौकशी करत, पण उंबऱ्याच्या बाहेरून. फोनला तोंड लावावं लागतं आणि द्वारकाबाईही त्यालाच तोंड लावत असणार, हे कुणीतरी पहिल्यांदा बोललं आणि मग सगळ्यांनाच पटलं. बायका आता पोस्टात जाऊन बोलायला लागल्या. तिथं रांगेतल्या दहा माणसांना सगळं ऐकू जायचं, त्याला कुठला हुकूम लागत नव्हता. अकरा नंबर चोरून ऐकायला आता कायद्यानं बंदी होती आणि अकरा नंबरवर बोलायला कुणी नव्हतं. हिंमतरावानं आपला पाण्याचा माठ वेगळा केला. वहिनी, खरं काय ते मला तर सांगा, असं त्यानं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा बाईंनी त्याला जेवायला वाढलं आणि विषय संपवला. याला सांगणं म्हणजे पेठेत दवंडी देणं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार माणसांत खरं बोलणारी म्हणून आपली ख्याती, तीच नेमकी नडली, याचा त्यांना फार वैताग यायचा. दुसरी कुणी असती तर लोकांनी निदान शंका तरी घेतली असती.

माघात मल्लम्मा लग्नाच्या अक्षता घेऊन आली. बरोबर होणारी विहीण होती, लातूरकडची, सोन्यानं मढलेली. भर दुपारची वेळ, दोघी उन्हातून आलेल्या. द्वारकाबाईंनी सवयीप्रमाणे तांब्या-भांडं आणून ठेवलं आणि ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. विहिणीनं पाय मागं घेतला आणि मल्लम्माचा पदर हळूच ओढला. मल्लम्मानं तो सोडवून घेतला. ती ओसरीवर चढली, उखळाजवळ बसली आणि तिनं तांब्या उचलला. मग तिनं विहिणीकडं रोखून पाहिलं. ती नुसतं पाणी पिऊन थांबणार नाही, पाठोपाठ सगळं बोलून टाकणार, हे द्वारकाबाईंना स्वच्छ दिसलं.

त्यांनी तिच्या हातातून तांब्या हिसकावून घेतला.

"डोकं ठिकानावर हाय का तुजं?" त्या करवादल्या. "लगीनघर हाय. हितलं पानी पित्यात व्हय? ऊठ, जा घरी."

विहीणबाईंना ते फार आवडलं. बाई फटकळ आहेत पण समजूतदार आहेत, असं त्या जाता जाता म्हणाल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत मल्लम्मा मागं बघत होती.

द्वारकाबाई तांब्या घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग ते पाणी त्यांनी स्वतःच पिऊन टाकलं, कारण घरात आता ते पिणारं दुसरं कुणी नव्हतं.