बदली आल्याशिवाय जागा सोडू नये

काचेच्या कारखान्यात तिला सगळे काटेवाली म्हणत. भट्टीच्या उष्णतेचा काटा पाहायचा, झडपेचं चाक फिरवायचं, हे तिचं काम. आठ तास नजर ढळू द्यायची नाही. बसून राहणं हीसुद्धा अंगमेहनतच; ज्याने केली त्यालाच कळेल. बदलीच्या माणसाने येऊन काटा मोठ्याने वाचायचा, चाकावर हात ठेवायचा, मगच आधीच्याने उठायचं. हे तिला दादाने शिकवलं.

त्याच भट्टीपुढे दादा एका उन्हाळ्यात कोसळला. वाचला, पण उभ्याने काम होईना. तेव्हापासून शेडमधली उष्णता ती रोज दुपारी वहीत लिहू लागली. तीन वर्षं, एका दिवसाचा खाडा नाही. त्या वहीमुळेच जागतिक हवामान वाटाघाटींत, देशाच्या चमूतली तरुणांसाठीची एकुलती खुर्ची तिला मिळाली. करारात तिला एकच ओळ हवी होती: उष्णता ठरावीक आकड्यापलीकडे गेली की काम थांबवावं, मजुरी न कापता.

"एवढे देश तुझ्या ओळीसाठी बसणार?" दादा हसला. "आमचा फोरमन तर पाणी प्यायलाही उठू देत नव्हता."

बारा दिवस ती खुर्चीला चिकटून होती. ओळ मसुद्यात आली. शेवटच्या दुपारी चमूच्या प्रमुख मॅडम वाकून म्हणाल्या, "बाळ, बाहेर सगळ्या तरुणांचा फोटो आहे. जा, मी बसते इथे."

"आपली ओळ आत्ता येईल, मॅडम."

"अगं, मी आहे ना!"

तिने मसुदा पुढे केला. मॅडमनी ओळ मोठ्याने वाचली, माईकच्या बटणावर हात ठेवला. झाली बदली. ती उठली.

"हसा, उद्याचं जग तुमचं!" फोटोवाला ओरडत होता. वीस मिनिटांनी ती परतली, तर पुढचं पान चालू होतं. ओळ नव्हती.

"सकाळीच ठरलं होतं," मॅडम कागद आवरत म्हणाल्या. "मोठा करार वाचवायचा तर काहीतरी सोडावं लागतं. फोटो मात्र छान आलाय हं तुझा."

घरी दादाने विचारलं, "ओळ?"

"गेली. मी जागा सोडली."

"बदली न घेता?"

"घेतली होती. वाचून, हात ठेवून."



दुसऱ्या दिवशी पाळी संपली. बदलीची बाई आली, काटा वाचला, चाकावर हात ठेवला. काटेवाली हलेना.

"जा की गं घरी! माझ्यावर विश्वास नाही होय?"

"आहे की," ती म्हणाली, आणि पाव तास तिथेच, काट्याकडे बघत उभी राहिली.