तीन पिस्टनचं इंजिन

पिस्टनला भोक पडलं ते डिप्लोमाच्या हातून. शर्टाच्या बटणाएवढं, गोल, कुणी मापून पाडल्यासारखं नीटस.

डिप्लोमा म्हणजे मामीचा भाचा. हे नाव मामीनंच ठेवलेलं, आणि कौतुकानं नव्हे. मामा गेल्यापासून सहा वर्षं गॅरेज तीच चालवत होती. तीस वर्षांच्या पेट्रोल पिकअपवर तिनं भंगारातला टर्बो बसवला, तेव्हा पहिल्या फेरीत गाडी जरा मठ्ठ वाटली. डिप्लोमानं कॉलेजात शिकल्याबरहुकूम डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवला. ठिणगी चार अंश लवकर पडू लागली. मामीला विचारलं नाही. गाडी एकदम तरतरीत झाली. पाऊण किलोमीटरपर्यंत.

मामीनं इंजिन उघडलं, जळका पिस्टन बाहेर काढला, भोकातून करंगळी घातली आणि पलीकडून ती डिप्लोमाकडे बघत हलवली. त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

नेमके तेव्हाच धाकटे मामा आले. जागा त्यांच्या आणि मामीच्या नावावर होती, आणि त्यांना तिथं फर्निचरचं दुकान हवं होतं. त्यांनी पिस्टनकडे पाहून काय झालं ते विचारलं. डिप्लोमानं तोंड उघडलं, पण मामी आधी बोलली, "माझं टायमिंग चुकलं, भाऊजी."

मग धाकट्या मामांनी सावकाश समजावलं. म्हाताऱ्या इंजिनाला असले लाड झेपत नाहीत, वहिनींनी आता आराम करावा, महिनाअखेर सह्या कराव्यात. मामीनं हात पुसले.

"रविवारी आठ पोती सिमेंट टाकून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जाते. तिसऱ्या गिअरमध्ये. दुसरा टाकला तर किल्ल्या तुमच्या. नाही टाकला तर दुकानाचं नाव पुन्हा काढायचं नाही."

त्या चढावर पिकअप रिकामी असतानाही दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकायची. धाकटे मामा हसून हो म्हणाले.

कोपऱ्यात तसलंच एक जुनं इंजिन होतं. कधीतरी ते चकाचक करून उभं करायचं, असं मामा शेवटपर्यंत म्हणत राहिले. मामीनं त्यातला एक पिस्टन काढून पिकअपला बसवला. ते पिस्टन कंपनीनं बनवणं कधीच बंद केलं होतं.

"एक पिस्टन देणं लागतोस," ती डिप्लोमाला म्हणाली, आणि कामाला लागली.

लग्नाआधी मामी शिवणकाम करायची. मशीनच्या आवाजावरून सुई कुठं अडते ते सांगायची. मामांनी थट्टेनं तिला एकदा इंजिन ऐकायला बोलावलं आणि मग थट्टा बंद केली.

टर्बो हवा जास्त कोंबतो, तेव्हा पेट्रोलही जास्त लागतं, नाहीतर आत धातू वितळेल अशी आग होते. मामी कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, एकेक माप मोठा करी, फेरी मारी आणि प्लग काढून रंग बघे. पांढरा म्हणजे इंजिन उपाशी, काळा म्हणजे अजीर्ण. तिला फिकट तपकिरी हवा होता. ठिणगी मात्र तिनं चांगलीच उशिरावर नेली. डिप्लोमा चाचरत म्हणाला की अशानं ताकद जाईल.

"ताकद टर्बो देईल. ठिणगीनं फक्त घाई करायची नाही. तुझ्यासारखी."

शेवटी तिनं तांब्याच्या नळीचं टोक चपटं करून इंजिनाला बोल्टनं आवळलं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी जोडून ती केबिनमध्ये घेतली. ठिणगी लवकर पडली किंवा पेट्रोल कमी पडलं, की नळीतून पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आला की पिस्टनला भोक पडायला फार वेळ नसतो.

रविवारी मामीनं नळी डिप्लोमाच्या हातात दिली. "मी चालवणार. कान तुझा."

"माझा?"

"एकदा जाळलायस ना? मग आता तुझ्याइतकं घाबरून कोण ऐकेल?"

धाकटे मामा दोघांच्या मध्ये बसले, नजर गिअरवर. पहिली दोन वळणं गाडीनं गुणगुणत काढली. तिसऱ्यावर चढ उभाच होता, आणि डिप्लोमाच्या कानात बारीक खडे पडू लागले. बोललो तर मामी पाय उचलेल, वेग पडेल, गॅरेज जाईल. गप्प राहिलो तर पिस्टन जाईल, गॅरेजही.

"वाजतंय, मामी."

मामीनं पाय उचलला नाही. डॅशबोर्डवरची चोकची दांडी बोटभर ओढली. पेट्रोल वाढलं.

"आता?"

"कमी झालं. थोडं अजून." तिनं नखभर आणखी ओढली. "गेलं."

वेग माणसाच्या धावण्याइतका उतरला. मामीचा हात गिअरवर होता, तोही धाकट्या मामांचा हात चुकून लागू नये म्हणून. पिकअप धुमसत, थरथरत टाकीपाशी पोचली. तिसऱ्यातच.

उतरल्यावर डिप्लोमानं एकदाचं सांगून टाकलं, की त्या दिवशीचं टायमिंग त्यानंच चार अंशांनी बिघडवलं होतं.

"कळलं होतं मला," धाकटे मामा म्हणाले. "वहिनी चार अंशांनी चुकत नाहीत." आणि चालत टेकडी उतरू लागले.

"फर्निचर दुसरीकडे बघा, भाऊजी," मामीनं मागून सांगितलं आणि बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटर आणखी एक अंश मागे घेतला.

आता आसपासच्या जुन्या गाड्या मामीकडे येतात. कोपऱ्यातल्या इंजिनात मात्र तीनच पिस्टन आहेत. चौथ्याच्या जागी धूळ जाऊ नये म्हणून मामीनं फडकं कोंबलंय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवते. डिप्लोमा अजून भंगारवाल्यांकडे विचारत फिरतोय.