टोमॅटोला लागलेला बाण

हसायचंय ना, हसा. पण आधी तोंडातला चहा गिळा. माझ्या हातच्या बाणांची ही फजिती आहे.

मी कारकुनीतून नुकताच निवृत्त झालो होतो. नात केतकी धनुर्विद्या शिकत होती, आणि रविवारच्या निवड चाचणीला तिला एकसारखे सहा लाकडी बाण हवे होते. सुताराने काड्या तासून दिल्या. तिचे सर म्हणाले, "काका, नुसतं वार्निश मारा. ओल धरायला नको."

नुसतं? अहो, मी रजेच्या अर्जालाही तीन जोडपत्रं लावणारा माणूस. काड्या पॉलिश पेपरने घासल्या, काथ उकळून रंग दिला, वर वार्निशचे चार हात. रंग अगदी वाळल्या गवताचा. पिसंही तपकिरीच लावली.

"आजोबा, बाकीच्यांची पिसं लाल-पिवळी असतात."

"असू देत. आपलं घराणं सभ्य आहे."

गुरुवारी गंगापूर रोडमागच्या मैदानावर केतकीचा पहिलाच बाण लक्ष्य चुकवून गवतात गेला आणि सभ्यपणे नाहीसा झाला. पिसं भडक का असतात, ते मला तेव्हा कळलं.

मी ओणवा होऊन शोधू लागलो. एकाने विचारलं, "काका, काय पडलं?" खरं सांगायची लाज वाटली. म्हटलं, "आहे जरा महत्त्वाचं."

इथेच चुकलं. दहा मिनिटांत वीस माणसं गवतात.

"चेन आहे म्हणे."

"चेन कुठली? मंगळसूत्र. काकू रडतायत घरी."

काकू घरी वामकुक्षी घेत होत्या. सोनं मिळालं नाही, बाणही नाही.

शनिवारी कुंपणापलीकडच्या मळ्यात डोकावलो, तर टोमॅटोच्या रोपाला आधार म्हणून सुतळीने बांधलेला माझा बाण. शेजारी मळ्याच्या आजी वाफ्याला पाणी देत होत्या.

"आजी, हा बाण आमचा आहे."

"बाण हाय व्हय? कुंपनाशी पडलेली गावली, म्या म्हनलं काडी. पन लय चांगली हाय बघा. दोन दिस वाफ्यात पान्यात उभी, फुगली नाय का वाकली नाय. अन् पिसांना पाखरं भेत्यात."

वार्निशचं इतकं जाणकार कौतुक मी आजवर ऐकलं नव्हतं. रोपाला दुसरी काडी लावून दिली आणि बाण सोडवून आणला. संध्याकाळी सूनबाईने सहाही बाणांच्या पिसांना लाल नेलपॉलिश फासलं.

रविवारी केतकीची निवड झाली. सर बाण निरखून म्हणाले, "काय सुंदर रंग. लांबून दिसतो. कुणी दिला?"

"आईने," केतकी म्हणाली.

माझ्या कामाला मागणी नाही असं मात्र समजू नका. मळ्यातल्या आजींना अजून चाळीस काड्या हव्या आहेत.