स्टोव्हच्या पिना

मंडळी, फरीदाबादचं घर सोडून आज नोएडाच्या फ्लॅटमध्ये आलो. सामान लावता लावता पार पिट्टा पडलाय.

आईच्या एका डब्यात पत्र्याच्या चिंचोळ्या पट्ट्या निघाल्या. टोकाला केसासारखी बारीक तार. माझी लेक म्हणाली, "अच्छा, सिम काढायची पिन!" आणि मोबाइलमध्ये खुपसून तार वाकवून बसली.

आई खेकसली, "अगं, रॉकेलच्या स्टोव्हची पिन ती! कचरा अडकला की भोक मोकळं करायला."

मी म्हटलं, "आई, स्टोव्ह कधीच भंगारात गेला. इथे गॅस पाइपानं येतो. टाकून देऊ?"

"पाणीही पाइपानंच येतं ना? मग सकाळी इथे आल्या आल्या टँकर कशाला मागवलास?"

वाद घालायचं त्राण नव्हतं. पिना ठेवल्यात. आता कुणाकडे जुना स्टोव्ह पडून आहे का?